करवतीची किंमत आणि बोटांचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत मुलांना सुतारकाम शिकवले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानांत आजवर संत, शाहीर, सयाजीराव महाराज असे मोठे विषय येऊन गेले. सुतारकाम मात्र आले नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून मी करवत हा विषय घेतला आहे. मराठीच्या प्राध्यापकाने करवतीवर बोलावे याचे कोणाला नवल वाटेल. पण ज्या काठावर दात्यांची नक्षी असते त्या लुगड्याला आपण करवतकाठी म्हणतो, आणि मोक्षासाठी काशीस जाऊन देह कापवून घेण्याच्या जुन्या समजुतीला काशीकरवत. एकाच हत्याराने भाषेला शोभेचाही शब्द दिला आणि देहनाशाचाही. माझा आजचा विषय या दुसऱ्या अंगाशी संबंधित आहे. यांत्रिक करवत विकत घेताना किंमत आणि सुरक्षितता यांची तुलना माणसांनी कसकशी केली, आणि त्या तुलनेत कोणाची बोटे कोणाच्या खात्यावर मांडली गेली, एवढाच प्रश्न मी इतिहासाच्या आधारे तपासणार आहे.

आधी हातकरवतीबद्दल दोन शब्द. माझ्या लहानपणी वखारीत ओंडका घोडीवर चढवून दोन करवत्ये तो फाडताना दिसत. एक वर उभा, दुसरा खाली, आणि खालच्याच्या डोळ्यांत सतत भुसा. हे काम कष्टाचे होते, पण त्यात एक गोष्ट होती. हात थांबला की करवत थांबे. हातकरवतीने बोट कापले तरी ते बहुधा कातड्यावर निभावे, कारण हत्याराची ताकद म्हणजे माणसाचीच ताकद. सुतार हा गावगाड्यातल्या बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतला मानकरी. रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट ही त्याची सारी आयुधे या एकाच न्यायाने चालत. गोल करवतीने हा न्याय मोडला.

गोल करवतीचा जनक कोण, यावर एकमत नाही. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरला १७७७ साली मिळालेल्या एकस्वात गोल करवतीचा उल्लेख आहे. अमेरिकेतील शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट या बाईने १८१३ च्या सुमारास चरख्याचे चाक पाहून ती शोधली, अशीही कथा सांगतात. कथा गोड आहे, पण तिचा दर्जा आख्यायिकेचाच म्हणावा लागेल, कारण तोवर इंग्लंडात असल्या करवती चालू झालेल्या होत्या. पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत मार्क ब्रुनेलने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जहाजांच्या कप्प्या बनवणारी जी यंत्रमालिका उभारली, तिच्यात गोल करवती होत्याच. तेथे १० अकुशल माणसे ११० कुशल कारागिरांचे काम करू लागली, आणि १८०८ पर्यंत वर्षाला १,३०,००० कप्प्या तयार होऊ लागल्या. या आकड्यांत यंत्राची सगळी मोहिनी सामावली आहे. यंत्राच्या किमतीची तुलना तेव्हापासून वाचलेल्या मजुरीशी होत आली. गमावलेल्या बोटांशी ती कोणी केली नाही, कारण त्या खर्चाची वहीच नव्हती.

आता ज्याला आपण टेबल सॉ म्हणतो त्याची रचना थोडक्यात सांगतो. परिभाषाकार काहीही म्हणोत, वखारीत ते ‘सॉ मशीन’च असते. लोखंडी मेजाच्या फटीतून गोल पात्याचा वरचा भाग बाहेर आलेला असतो आणि लाकूड हाताने त्याच्याकडे सरकवायचे असते. १० इंची पाते मिनिटाला सुमारे ४,००० फेरे घेते; म्हणजे त्याचे दाते ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतात. पात्याची पुढची कड लाकूड मेजावर दाबते, पण मागची कड वर येत असते. कापलेल्या लाकडाची फट मिटली किंवा फळी तिरकी झाली की हे मागचे दाते तिला उचलून कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात आणि त्या धक्क्यात हात पात्यावर जातो. म्हणून पात्याच्या मागे, त्याच रेषेत, एक पातळ वक्र पोलादी पत्ती बसवतात. ती फट मिटू देत नाही. इंग्रजीत तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. मी तिला मागची पत्ती म्हणेन. लोखंडाच्या हिशेबाने ती अगदी स्वस्त वस्तू आहे, आणि या सबंध इतिहासात तिच्याइतकी उपेक्षा दुसऱ्या कशाची झाली नसेल.

यंत्रांना कुंपण घालण्याचा वाद मात्र करवतीवरून नव्हे, कापडगिरण्यांवरून पेटला. इंग्लंडच्या १८४४ च्या कारखाना कायद्याने गिरण्यांतील फिरत्या शाफ्टांना आवरण घालण्याची सक्ती केली. मालकांनी वर्षानुवर्षे चालढकल केली आणि १८५५ साली आपली एक संघटनाच उभारली. साहित्याच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटते, कारण या वादात दोन लेखक समोरासमोर आले. चार्ल्स डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकाने गिरण्यांत चिरडल्या गेलेल्या मजुरांविषयी लेखमाला चालवली आणि मालकसंघाची ‘कामगारांना चेंगरणारी मंडळी’ अशा अर्थाच्या नावाने संभावना केली. त्याला उत्तर देण्यासाठी हॅरिएट मार्टिनोने १८५५ मध्ये पुस्तिका लिहिली. ही बाई काही निर्दय नव्हती. गुलामगिरीविरुद्ध तिने लिहिलेले आजही वाचण्यासारखे आहे. अपघात बहुधा कामगारांच्या निष्काळजीपणाने होतात आणि सरकारने व्यापारात ढवळाढवळ करू नये, असा तिचा पक्ष होता. १८५६ साली पार्लमेंटने कायदा सैल केला आणि जमिनीपासून ७ फुटांवरच्या शाफ्टांची मालकांवरील सक्ती ढिली झाली. ‘चूक कामगाराची’ हे वाक्य त्यानंतर पावणेदोनशे वर्षे प्रत्येक यंत्राच्या बाबतीत ऐकू येत राहिले. ते पुष्कळदा खरेही असते. पण चूक करणारा आणि चुकीची किंमत ठरवणारा ही दोन वेगळी माणसे असतात, हे त्या वाक्यात झाकले जाते.

गोल करवतीसाठी स्वतंत्र आणि नेमके नियम ब्रिटनमध्ये १९२२ साली आले. मेजाखालचा पात्याचा भाग झाकलेला असावा, वरच्या भागावर आवरण असावे आणि मागे भक्कम, सहज जुळवता येईल अशी पत्ती असावी, असे त्यांत म्हटले होते. म्हणजे जे काय करायला हवे ते शंभर वर्षांपूर्वी माहीत होते. तरीही अमेरिकेत घरगुती व छोट्या करवतींवर ही पत्ती सर्रास दिसू लागायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

आपल्याकडची कथा मुंबईपासून सुरू होते. हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा; धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद त्यात होती, पण तो १०० किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता. या कायद्याने समाधान न झालेले मुंबईचे गिरणी कामगार सप्टेंबर १८८४ मध्ये सभेस जमले. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचे पुढारी, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन तयार झाले, त्यातील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांना ठाऊक आहे, कारण १८९० साली ती मान्य झाली आणि आपण सारे तिचा उपभोग घेतो. त्याच निवेदनातील दुसरी मागणी मात्र विस्मरणात गेली. काम करताना जबर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. माझ्या मते आजच्या विषयाचा पाया येथे आहे. लोखंडे आणि त्यांचे सहकारी कुंपण मागत नव्हते, बोटांचा खर्च मालकाच्या वहीत लिहा असे म्हणत होते. हा खर्च त्या वहीत गेला की कुंपण घालायचे की नाही हे मालक स्वतःच ठरवील, हे अर्थशास्त्र त्यांना पुस्तकाविना उमगलेले दिसते. त्या सह्यांत कितींनी आपला अंगठा उमटवला असेल, हा विचारही मनात आल्यावाचून राहत नाही.

ही मागणी कायद्यात उतरायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि त्याला अवयवांच्या दरांचे परिशिष्ट जोडले गेले. १९६२ च्या दुरुस्तीनंतरचे ते परिशिष्ट मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. कोशवाङ्मयाची सवय असलेल्या माणसालाही ते वाचणे जड जाते. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के कमी झाली असे धरायचे. तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. तर्जनीचे एकच पेर गेले तर ९, आणि हाड न जाता नुसते टोक गेले तर ५. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. या टक्क्यांचे रुपये कसे होत तेही पाहू. २०२० साली हिशेबासाठी धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा १५,००० रुपये झाली. तेवढा पगार असलेल्या २५ वर्षांच्या कारागिराची संपूर्ण तर्जनी गेली, तर वेतनाच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने म्हणजे २१६.९१ ने गुणून, त्याचे १४ टक्के काढून भरपाई होई सुमारे २ लाख ७३ हजार रुपये. हा आकडा क्रूर आहे असे कोणी म्हणेल. मला तो क्रूर वाटत नाही. तो निदान लिहिलेला आकडा आहे. जेथे आकडाच लिहिलेला नसतो तेथे बोटाची किंमत शून्य धरली जाते.

आणि आकडा न लिहिलेली जागा आपल्याकडे फार मोठी आहे. कारखाना कायद्याची मर्यादा १८८१ मध्ये १०० माणसांची होती, १८९१ मध्ये ती ५० वर आली, १९२२ मध्ये २० वर, आणि १९४८ च्या कायद्याने वीज वापरणाऱ्या कारखान्यांसाठी १० वर. पाऊल एका दिशेने पडत होते. २०२० च्या संहितेने ती मर्यादा पुन्हा २० वर नेली आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. आपल्या गल्लीतला फर्निचरवाला तीन कारागीर ठेवतो. तो १०० मध्ये बसत नव्हता, १० मध्येही नाही आणि २० मध्ये तर नाहीच. अशा एका कारागिराला मी विचारले होते, पात्यावरचे गार्ड कोठे आहे? त्याने भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवले. गार्ड तेथे वर्षानुवर्षे टांगलेले होते, त्यावर भुशाचा थर होता. त्याच्यामुळे रेघ दिसत नाही, बारीक पट्टी कापताना ते आडवे येते, आणि काम अंगावर असते, असे त्याचे म्हणणे. या उत्तराला मी आळस म्हणणार नाही. जे संरक्षण कामाच्या आड येते ते खिळ्यावर जाते, आणि खिळ्यावरच्या गार्डाची किंमत कितीही दिली तरी ती फुकट गेली. सोय हाही सुरक्षिततेचा भाग आहे.

नेमका हाच धागा पकडणारा शोध १९९९ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात लागला. स्टीफन गॅस हा भौतिकशास्त्राचा डॉक्टरेट, व्यवसायाने एकस्वांचा वकील आणि हौशी सुतार. त्याने पात्यावर एक सूक्ष्म विद्युत्-संकेत सोडला. लाकूड वीज फारशी वाहून नेत नाही, माणसाचे शरीर नेते. बोट पात्याला लागताच संकेत बदलतो. त्याबरोबर एक तार जळते, दबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा फिरत्या दात्यांत घुसतो. पाते सुमारे ५ सहस्रांश सेकंदात थांबते आणि मेजाखाली जाते. बोटाला ओरखडा उठतो, बाकी काही नाही. प्रात्यक्षिकासाठी तो बोटाऐवजी मांसाचे सॉसेज वापरी. आपल्या शाळेच्या प्रांगणात हे प्रात्यक्षिक करायचे तर कार्यकारिणीला ठराव करावा लागेल. पुढे त्याने स्वतःचे बोटही पात्याला लावून दाखवले. गार्ड काढून टाकले तरी हे संरक्षण यंत्राच्या पोटात राहते, हे त्याचे वैशिष्ट्य.

यंत्र बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपुढे त्याने हे तंत्र परवान्यासाठी ठेवले. सौदे जमले नाहीत. तेव्हा त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सॉस्टॉप नावाने स्वतःच करवती बनवल्या, आणि २००३ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेविषयीच्या अमेरिकी आयोगाकडे अर्ज केला की असे संरक्षण सर्वच टेबल सॉंना सक्तीचे करावे. विरोधकांचा मुद्दा किमतीचा होता: सर्वांत स्वस्त करवत दुपटीहून महाग होईल आणि गरीब कारागिराला ती परवडणार नाही. हा मुद्दा खोटा नव्हता. शिवाय अर्जदाराच्याच हाती एकस्वे होती, म्हणजे सक्ती झाली की प्रत्येक करवतीमागे त्याला मोबदला. परोपकार आणि व्यापार एकाच पिशवीत असले की माणसे पिशवीकडे संशयाने पाहतात, आणि येथे संशयाला जागा होती. बॉश कंपनीने वेगळ्या पद्धतीने पाते खाली ओढून घेणारी करवत काढली; तिच्यात पाते खराब होत नसे. पण २०१७ साली एकस्वाच्या भंगावरून तिच्या अमेरिकेतील आयातीवर बंदी आली. बोटे वाचवणारे एक यंत्र बोटे वाचवणाऱ्या दुसऱ्या यंत्राच्या मालकाने बाजाराबाहेर घालवले, ही या इतिहासातील सर्वांत अप्रिय घटना आहे.

किमतीच्या मुद्द्याचे उत्तर मात्र एका खटल्याने दिले. बॉस्टनच्या परिसरात लाकडी फरशी बसवणारा एक मजूर २००५ साली रायोबीच्या करवतीवर काम करत असताना त्याचा हात जबर जखमी झाला. गार्ड लावलेले नव्हते आणि तो फळी नुसत्या हातांनी, बाजूच्या पट्टीचा आधार न घेता कापत होता. करवत १७९ डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या दराने आठ हजार रुपयांच्या आसपास. ती विकत घेतली होती त्याच्या मालकाने. २०१० मध्ये ज्यूरीने काही दोष मजुराकडेही दिला, आणि तरीही १५ लाख डॉलरची भरपाई मान्य केली. पुढच्या वर्षी अपिलात ती कायम झाली. करवतीच्या किमतीच्या आठ हजार पटींहून ही रक्कम अधिक आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की दुकानात १७९ डॉलर मोजणारा हात वेगळा होता आणि पात्यावर गेलेला हात वेगळा. स्वस्त करवतीचा फायदा पहिल्या हाताला झाला होता. मार्टिनोबाईंना हा खटला दाखवता आला असता तर त्यांनी काय लिहिले असते, असे मनात येते.

आयोगाच्या अंदाजाप्रमाणे २०१५ या एका वर्षात अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत टेबल सॉंच्या सुमारे ३३,४०० जखमा आल्या. त्यांतील सुमारे ४,७०० प्रसंगी अवयव तुटलेला होता. २०१७ मध्ये आयोगाने नियमाचा मसुदा काढला: सेकंदाला १ मीटर वेगाने बोट पात्याकडे गेले तरी जखम ३.५ मिलिमीटरहून खोल होता कामा नये. २०२३ मध्ये सुधारित मसुदा आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सॉस्टॉपने आयोगापुढे सांगितले की नियम अमलात आला तर आपले एक कळीचे एकस्व आपण सर्वांना खुले करू. पहिल्या अर्जाला तेव्हा एकवीस वर्षे होत आली होती, आणि नियम झालेला नव्हता.

आता आपल्या शाळेकडे वळतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकामासारख्या कौशल्यांची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. माजी विद्यार्थी संघाने गुरुजींची सुतारशाळा पुन्हा सुरू करण्यासाठी निधी जमवला आहे, आणि टेबल सॉची तीन दरपत्रके चिटणीसांनी मला वाचायला दिली. पहिले स्वस्त यंत्राचे. त्यात मागच्या पत्तीचा उल्लेखच नाही. दुसऱ्यात पत्ती आहे, सहज काढता-घालता येणारे गार्ड आहे, आणि वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होऊ न देणारे बटण आहे. तिसरे बोट ओळखून थांबणाऱ्या करवतीचे, आणि त्याची रक्कम पाहून कार्यकारिणीत शांतता पसरली असे मला कळले.

पहिले दरपत्रक बाजूला ठेवावे, याविषयी मला शंका नाही. कायद्याच्या परिशिष्टात कामगाराच्या तर्जनीपुढे १४ चा आकडा तरी होता. विद्यार्थ्याच्या तर्जनीसाठी त्यात रकाना नाही, कारण विद्यार्थी कामगार नव्हे. कारखाना कायद्याखालील अनेक राज्यांच्या नियमांत, पुरेशा शिक्षणाविना आणि देखरेखीविना तरुणांना ज्या यंत्रांवर लावू नये त्यांच्या यादीत गोल करवतीचे नाव होते. शाळा हा कारखाना नव्हे एवढ्यावरून आपण अधिक सैल वागावे असे होत नाही. बाराव्या वर्षाच्या मुलाला हातकरवत, गुण्या आणि रंधा द्यावा. यंत्र शिक्षकाने चालवावे आणि मुलांनी ते दुरून पाहावे. मग प्रश्न उरतो तो शिक्षकाच्या हाताचा. दिवसभर मुलांवर एक डोळा ठेवून दुसऱ्याने पात्याकडे पाहणारा माणूस एकटा काम करणाऱ्या कारागिराहून अधिक धोक्यात असतो. म्हणून मी तिसऱ्या दरपत्रकाच्या बाजूचा आहे. निधी पुरणारच नसेल तर दुसरे घ्यावे, आणि उरलेल्या पैशातून जाणता कार्यशाळा-शिक्षक पूर्ण वेळ नेमावा.

तिसरे घेतले तर काही गोष्टी आधी ठाऊक असाव्यात. फळी अंगावर फेकली जाण्याचा धोका बोट ओळखणाऱ्या यंत्राने टळत नाही; त्यासाठी मागची पत्ती लागतेच. ठोकळा एकदा सुटला की तो ज्या पेटीत असतो ती पेटी आणि बहुधा पातेही बदलावे लागते, तेव्हा दोन्ही जादा घेऊन ठेवण्याची रक्कम अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी धरावी. नाहीतर पहिल्या प्रसंगानंतर संरक्षण बंद करून काम चालू ठेवण्याचा मोह होईल. खूप ओले लाकूडही वीज वाहते आणि यंत्र त्याला बोट समजून थांबू शकते. वखारीतून येणारा माल पावसाळ्यात ओलाच असतो, म्हणून तो वाळवायला छपराखाली जागा हवी. ती जागा आपल्याकडे आहे. जुन्या सुतारशाळेच्या मागची पडवी. सध्या तिच्यात मोडके बाक रचून ठेवले आहेत, ते दिवाळीच्या सुटीत हलवता येतील.